पाहिलेले आणि धरलेले

नव्या खेळास नावे ठेवण्याचा मान आमच्याकडे परंपरेने वडील मंडळींचा आहे. पत्ते आले तेव्हा पत्त्यांस नावे ठेवली गेली, क्रिकेट आले तेव्हा क्रिकेटास; आता ती सर्व नावे एकवटून मोबाइलच्या वाट्यास आली आहेत. आमच्या भाषेची गंमत अशी की, 'नाव ठेवणे' या एकाच क्रियेत बारसेही येते आणि निंदाही येते. फरक इतकाच की, बारशास एक नाव पुरते व निंदेस अनेकवचन लागते. प्रस्तुत लेखात ज्या खेळाची आम्ही ओळख करून देणार आहोत, तो पहिल्या अर्थाने नाव ठेवण्याचा खेळ आहे. वडील मंडळींनी त्यास दुसऱ्या अर्थाने नावे ठेवण्यापूर्वी त्याची थोडी माहिती करून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.

खेळाचे नाव 'पोकेमॉन'. 'पॉकेट मॉन्स्टर्स' या दोन इंग्रजी शब्दांस जपानी जिभेने दिलेले हे आटोपशीर रूप. अर्थ, खिशात मावणारे राक्षस. राक्षस म्हटल्यावर कोणी दचकू नये. यांतील बहुतेक मंडळी म्हणजे पाखरे, उंदीर, अळ्या, मासे, वटवाघळे यांचीच जराशी अतिशयोक्त रूपे होत. हा खेळ जपानात २७ फेब्रुवारी १९९६ रोजी लाल व हिरवी अशा दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध झाला व १९९८ साली अमेरिकेत लाल व निळी या नावांनी गेला. ज्या यंत्रावर तो खेळावयाचा, ते 'गेम बॉय' निंटेंडो या कंपनीने १९८९ साली काढले होते. हातात धरावयाचे विटकरीएवढे यंत्र, पोटात चार पेन्सिल सेल, आणि वर हिरवट रंगाच्या चारच छटा दाखविणारा लहानसा पडदा. त्या पडद्यास स्वतःचा उजेड नाही. बाहेरचा उजेड पडेल तेवढेच दिसावयाचे. मराठी घरांत पिवळा पिकाचू आला तो मुख्यतः दूरचित्रवाणीवरून. मूळ खेळ फार थोड्यांनी हाताळला असेल. आमच्या एका आप्ताने परदेशाहून परतताना अशी दोन जुनी यंत्रे, लाल व निळी अशा दोन्ही आवृत्त्या आणि दोन यंत्रांस जोडणारी एक तार आणली. तेव्हापासून गेल्या काही पावसाळ्यांत शिराळ्यातील आमच्या ओसरीवर या खेळाच्या अनेक मुंजी लागल्या आहेत. बटूंचे वय नऊपासून सत्तरीपर्यंत आहे.

हा खेळ शिराळ्यात शिकवावा यात एक औचित्य आहे, व ते समजण्यासाठी त्याच्या कर्त्याची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ सालचा. टोकियोच्या सीमेवरील माचिदा या गावी त्यांचे बालपण गेले. तेथे तेव्हा भातखाचरे, तळी व झाडी होती, आणि या मुलास किडे धरण्याचा इतका नाद होता की, सोबती त्यास किड्यांचे डॉक्टर म्हणत. भुंगे धरण्यासाठी इतर मुले झाडास मध लावीत. याने झाडाखाली दगड ठेवून पाहिला. भुंगे दिवसा निजावयास दगडाखाली येतात, हे त्याने हेरले होते. पुढे शहर पसरत आले, तळी बुजली, झाडी तुटली आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मोठेपणी गेम बॉयची ती तार पाहून ताजिरींच्या मनात आले की, एका यंत्रातील किडा या तारेवरून चालत दुसऱ्या यंत्रात जाऊ शकेल. त्या एका कल्पनेस खेळाचे रूप देण्यास त्यांस व त्यांच्या सोबत्यांस सुमारे सहा वर्षे लागली. तात्पर्य, हा खेळ म्हणजे बुजलेल्या तळ्याचे स्मरण आहे. ज्या मुलांस तळे उरले नाही, त्यांच्यासाठी ते खिशात घालून दिलेले आहे.

आता खेळास आरंभ करू. नवख्यास पहिला पेच पडतो तो पहिल्या दहा मिनिटांतच. प्रोफेसर ओक नावाचे एक वृद्ध संशोधक तुमच्यापुढे तीन प्राणी ठेवतात व एक घ्या म्हणतात. बुल्बासोर हा पाठीवर कंद वाहणारा वनस्पतीचा, चारमँडर हा शेपटीस ज्योत असलेला अग्नीचा, आणि स्क्वर्टल हे पाण्याचे कासव. पाणी आगीस विझविते, आग वनस्पतीस जाळते, वनस्पती पाण्यास शोषून घेते. या खेळातील पंधरा प्रकारांच्या बलाबलाचे कोष्टक पुढे कितीही गुंतागुंतीचे होवो, त्याचे मूळ या साध्या त्रिकोणात आहे. मुले बहुधा चारमँडरवर झडप घालतात, कारण आग दिसावयास देखणी. आमचा नवख्यास सल्ला बुल्बासोरचा. पहिला गुरू दगडाच्या प्राण्यांचा व दुसरी गुरू पाण्याच्या प्राण्यांची; या दोघांपुढे वनस्पतीचे बळ चालते व आगीचे चालत नाही. आमचे शेजारी एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांनी दोन्ही सल्ले बाजूस ठेवून कासव घेतले व रोमन अक्षरांत त्याचे नाव 'कूर्म' असे ठेवले. दगडांपुढे पाणीही चालते, हे त्यांनी आम्हांस सिद्ध करून दाखविले.

वाटेत जेथे उंच गवत दिसेल, तेथे प्राणी असतात. गवतात शिरल्याशिवाय ते भेटत नाहीत, आणि कोण भेटेल याचा नेम नसतो. प्राणी समोर आला की, आपला प्राणी पुढे करून त्यास थकवावयाचे आणि मग त्यावर पोकळ चेंडू फेकावयाचा. चेंडू दुकानात दोनशेस एक मिळतो व आरंभी हाती तीनच हजार असतात, तेव्हा चेंडू उधळणाऱ्याचे लवकरच दिवाळे निघते. येथे नवखा हमखास जी चूक करतो, ती फार बोधप्रद आहे. तो समोरच्या प्राण्यावर सर्व बळ चालवितो, प्राणी मूर्च्छित पडतो आणि हातचा जातो. ज्यास धरावयाचे त्यास पराभूत करून चालत नाही. त्याची शक्ती उतरवीत आणावी, जमल्यास निजवावे, पण पाडू नये. लढाईत जिंकणारा आणि प्राणी धरणारा हे दोन निराळे स्वभाव आहेत, हे आम्ही नऊ वर्षांच्या मुलांस जितक्या सहज कळलेले पाहिले, तितक्या सहज कित्येक प्रौढांस कळलेले पाहिले नाही. धरलेल्या प्रत्येकास दहा अक्षरांपर्यंत नाव देता येते. ते अवश्य द्यावे. नाव दिलेला प्राणी मागे टाकताना मन अडखळते, आणि या खेळाची निम्मी माया त्या अडखळण्यात आहे.

खेळात एकूण १५१ प्राणी आहेत. त्यांतील शेवटचा म्यू हा साध्या खेळात सापडतच नाही, उरले १५०. परंतु यांपैकी काही केवळ लाल आवृत्तीत आढळतात, काही केवळ निळीत. काही असे आहेत की, ते एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात गेल्याशिवाय पूर्ण रूपास येत नाहीत. म्हणजे कितीही हुशार व चिकाटीचा मनुष्य एकटा खेळत बसला, तरी त्याचा संग्रह पुरा होणे नाही; त्यास कोणाच्या तरी दारी जाऊन तार जोडावीच लागते. ज्या काळी यंत्रे माणसास एकटे करतात असा सर्वत्र बोभाटा होता, त्या काळी एका यंत्राने शेजाऱ्याकडे जाण्याची सक्ती करावी, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. दुसऱ्याकडून आलेला प्राणी अधिक लवकर शिकतो. पण तो फार प्रबळ असून तुमच्या पदरी पुरेसे बिल्ले नसतील, तर तो तुमचे ऐकत नाही. ज्या घरात दत्तक आला आहे किंवा सून आली आहे, त्यांस यावर भाष्य नको.

याच देवाणघेवाणीत आमच्या ओसरीवर एकदा नाग आला. लाल आवृत्तीत एकान्स नावाचा एक सर्प आहे. निळीत तो मुळीच नाही. निळ्या यंत्राच्या मालकास तो हवा होता व बदली तो सँडश्रू हा मातीत राहणारा प्राणी देण्यास तयार होता, कारण सँडश्रू लाल आवृत्तीत नाही. 'एकान्स' या नावाची इंग्रजी अक्षरे शेवटाकडून वाचली की, सर्प या अर्थाचा शब्द निघतो; हाच सर्प बाविसाव्या पायरीस फणा काढून 'आरबॉक' होतो, आणि ती अक्षरे उलटी वाचल्यास कोब्रा, म्हणजे साक्षात आपला नाग. शिराळ्याच्या मुलांनी हे उलटे नाव सुलट केले तेव्हा त्यांस जो हर्ष झाला, तो आम्ही कधी विसरणार नाही. जपानातील कोणी एक मनुष्य आपल्या गावच्या दैवतास ओळखतो, असाच त्यांचा एकूण भाव होता.

ज्या वाचकांस शिराळा ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. बत्तीस शिराळा म्हणून ओळखले जाणारे हे गाव आज सांगली जिल्ह्यात, मोरणा नदीच्या काठी आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात मोडे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. पण गावाचे नाव दूरवर गेले ते नागपंचमीमुळे. गोरक्षनाथ भिक्षेस आले असता महाजनांच्या घरची बाई मातीच्या नागाची पूजा करीत होती. जिवंत नागाची पूजा करशील काय, असे नाथांनी विचारले व तेव्हापासून ही चाल पडली, अशी कथा आहे. पंचमीपूर्वी गावचे लोक बांध, ओढे व वारुळे धुंडून नाग धरीत, मडक्यात ठेवीत, पूजा झाली की मिरवीत, आणि मग जेथून आणला तेथे नेऊन सोडून देत.

त्या दिवशी आमच्या ओसरीवर एक वृद्ध गृहस्थ टेकले होते. तारुण्यात त्यांनी पुष्कळ नाग धरले होते व पुष्कळ सोडले होते. त्यांचा नातू निळ्या यंत्राचा मालक. नातवाने मोठ्या अभिमानाने आजोबांस आपला नवा सर्प दाखविला. आजोबांनी यंत्र डोळ्यांपासून दूर धरून, मान मागे नेऊन तो पाहिला. किती बळ, कोणते विष, किती लांबी, यांपैकी त्यांनी काहीच विचारले नाही. ते म्हणाले, "आणि ह्याला सोडायचा कधी?"

मुले गप्प झाली. वस्तुतः खेळात सोडून देण्याची सोय आहे. जेथे जादा प्राणी ठेवतात, त्या संगणकावर तशी एक ओळ आहे. ती निवडली की, यंत्र एकदा विचारून घेते व प्राणी कायमचा जातो. पण आमच्या ओसरीवरील मुलांपैकी कोणीही ती ओळ कधी वापरली नव्हती, आणि वापरण्याचे कारणही खेळाने त्यांस कधी दिले नव्हते. सोडल्याने गुण मिळत नाहीत, बिल्ला मिळत नाही, उलट संग्रहात एक कमी होतो. आजोबांच्या लेखी मात्र धरणे ही अर्धी क्रिया होती व सोडल्याशिवाय ती पुरी होत नव्हती. ज्या वारुळापाशी नाग धरला ते वारूळ लक्षात ठेवणे हा त्यांच्या विद्येचाच एक भाग होता.

येथे जुन्या चालीचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. मडक्यातला नाग भक्तीने कोंडला म्हणून त्याचा कोंडमारा कमी होत नाही. साप दूध पचवीत नाही. मिरवणुकीचा गलका, हाताळणी व उपास यांनी त्याची दशा होते. आणि धरणाऱ्याच्या व पाहणाऱ्याच्या जिवासही धोका असतो. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले, आणि २०१४ पासून येथील जिवंत नागांची पूजा व मिरवणूक बंद पडली. २०२५ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने काही थोड्या लोकांस मोजक्या दिवसांची परवानगी दिली, ती पारंपरिक ज्ञान पुढील पिढीस द्यावे या हेतूने. हा निर्बंध आमच्या मते योग्य आहे. गावातील पुष्कळांस तो अजूनही टोचतो, हेही आम्ही जाणतो. ज्याचा सण गेला त्यास कायद्याचे कलम वाचून दाखविल्याने समाधान होत नसते.

परंतु सणाबरोबर आणखी एक वस्तू जाऊ लागली आहे, तिची हळहळ कोणी फारशी करीत नाही. ती म्हणजे ओळख. आमच्या ओसरीवरील मुलांस १५१ प्राण्यांची नावे, प्रकार व वैरी मुखोद्गत आहेत. पण धामण आणि नाग यांतील भेद सांगा म्हटल्यावर ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. धामण बिनविषारी, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारी. केवळ लांब व चपळ म्हणून नाग समजून तिचा जीव घेतला जातो. उलट घोणस अंगाने जाड व मंद. अजगराचे पिल्लू समजून कोणी तिच्याजवळ जातो व प्राणास मुकतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप ज्या मुलुखात शेताच्या बांधावर भेटतात, तेथे हे ज्ञान म्हणजे करमणूक नव्हे. ताजिरींचे तळे बुजले म्हणून त्यांस खेळ रचावा लागला. आमचे ओढे अद्याप वाहत आहेत, वारुळे जागच्या जागी आहेत, आणि तरीही मुलांच्या दृष्टीने ती बुजलेलीच आहेत.

यातून वाट निघाली ती खेळातूनच. प्रोफेसर ओक प्रत्येक नवख्यास एक यांत्रिक वही देतात. तिचे नाव पोकेडेक्स. या वहीत दोन आकडे असतात. एक धरलेल्या प्राण्यांचा, दुसरा नुसत्या पाहिलेल्यांचा. सर्वांचे लक्ष पहिल्यावर. दुसरा आकडा आपोआप वाढत असतो व त्यास कोणी विचारीत नाही. निवृत्त मास्तरांनी हा दुर्लक्षित आकडा उचलला. कायद्याने धरण्यास बंदी केली आहे, पाहण्यास केलेली नाही, असे म्हणून त्यांनी एक शंभर पानी वही आणली व वर केवळ 'पाहिलेले' असा मथळा घातला. धरलेल्यांचा रकाना तिच्यात मुळीच नाही. नियम तीन ठरले: आजोबांवाचून कोणी जावयाचे नाही, पायवाट सोडावयाची नाही व साप दिसला की पंधरा पावलांवर थांबावयाचे, आणि काठी न्यावयाची ती जमिनीवर आपटीत चालण्यासाठी, सापास डिवचण्यासाठी नव्हे.

पहिल्या पावसाळ्यात वहीत सापांच्या सात जाती नोंदल्या गेल्या. आजोबा ओल्या मातीतील माग दाखवीत, बिळाच्या तोंडाशी जाळे असेल तर आत कोणी गेलेले नाही हे सांगत, कातेवरून लांबीचा अंदाज करीत. जे ज्ञान त्यांनी धरण्यासाठी मिळविले होते, ते न धरताही शिकविता येते, याचे नवल आम्हांहून त्यांसच अधिक वाटले. श्रावणाच्या आरंभी एका बांधावर खरा नाग दिसला. त्याने फणा उभारला, पाठ फिरविली, आणि फणीवरचा दहाचा आकडा सर्वांस स्पष्ट दिसला. कोणी ओरडले नाही. काही वेळाने तो उसात शिरला. आजोबांनी सवयीने हात जोडले व मुलांनीही जोडले. मग त्यांतील धाकटीने वही उघडून तारीख, वेळ व जागा लिहिली आणि नावाच्या जागी काय लिहावे, असे विचारले. नागोबाच लिही, असे आजोबा म्हणाले.

या खेळाविरुद्ध जे म्हणता येईल ते आम्ही लपवीत नाही. त्यात सर्पाचा दंश औषधाच्या एका बाटलीने उतरतो, आणि खऱ्या जगात तसे होत नाही. खऱ्या दंशास मांत्रिक नको, त्वरित रुग्णालय व प्रतिविष हवे, हे मुलांस निक्षून सांगावे लागते. त्यात हारलेला प्राणी मरत नाही, मूर्च्छित होतो. तरीही लव्हेंडर नावाच्या गावी मेलेल्या पोकेमॉनच्या थडग्यांचा एक मनोरा कर्त्याने ठेवला आहे, आणि तेथील संथ, खिन्न संगीत ऐकून आमच्याकडील मुले आपोआप हळू बोलू लागतात. संग्रहाचा हव्यास हा मात्र त्याचा खरा दोष. सर्व हवे, सर्वच हवे, हा ध्यास तो लावतो. त्यावर उतारा म्हणजे खेळ हिरावून घेणे नव्हे. सोबत एक असे वडील माणूस बसावे, ज्यास सोडण्याची रीत ठाऊक आहे.

शेवटी नवख्यास काही व्यावहारिक सूचना. जुने यंत्र घेतल्यास कार्ट्रिजमधील नाण्याएवढा सेल आधी बदलून घ्यावा, नाहीतर आठवड्याची कमाई एका रात्रीत जाते. गावचा मोबाइल दुरुस्त करणारा ते काम करून देतो. खेळ थांबविताना नोंद जपून ठेवण्यास विसरू नये. एकाच आवृत्तीच्या दोन प्रती घरात घेऊ नयेत. दोन निराळ्या घ्याव्या, म्हणजे एकमेकांची गरज राहील. आणि पडद्यास स्वतःचा उजेड नसल्यामुळे तो खोलीत न खेळता ओसरीवर खेळावा. तेथून रस्ता दिसतो, येणारा जाणारा टेकतो, आणि पाऊस उघडला की वही घेऊन उठता येते.